काकांची गाडी, बहिणीचे पैसे

पेट्रोलची जुनी गाडी घ्यायची तर आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचा. तो बॉनेट उघडतो, ऑइलचं झाकण काढून बघतो, इंजिन सुरू करून कान देतो, सायलेन्सरच्या धुराचा रंग बघतो, एक चक्कर मारून येतो आणि मग आपल्याला बाजूला घेऊन हळूच एक आकडा सांगतो. तो आकडा कुठून आला हे आपण विचारत नाही. मेकॅनिकचं नाक, कान आणि वीस वर्षांचा अनुभव, यावर आपला विश्वास असतो. आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो.

इलेक्ट्रिक गाडीपुढे हा माणूस हात टेकतो. बॉनेटखाली बंद डबे आणि नारिंगी वायरी. धूर नाही, आवाज नाही, ऑइल नाही. गाडीतली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे बॅटरी, ती पायाखाली पत्र्याच्या पेटीत सील केलेली. ती दमलीय की ठणठणीत आहे हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. मग किंमत ठरवायची कशी?

हा प्रश्न गेल्या दिवाळीच्या आसपास (म्हणजे २०२५ च्या) माझ्याकडे आला, आणि तोही दोन्ही बाजूंनी एकदम. त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. दोघांचीही परवानगी घेतली आहे. फक्त "माझं नाव नको हं ताई" अशी मामेबहिणीची अट आहे, ती पाळतेय.

तर विकणारे आमच्या सोसायटीतले काका. वय पंचाहत्तरच्या पुढे. गाडी नेक्सॉन ईव्ही, डिसेंबर २०२१ ची, ४१ हजार किलोमीटर चाललेली. ती पसंत केली होती काकूंनी. काकू गेल्या वर्षी गेल्या, काकांना आता रात्रीचं नीट दिसत नाही, गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी. घेणारी माझी मामेबहीण. ती नर्स आहे, तळेगावहून पुण्यात रोज जाऊन-येऊन ६५ किलोमीटर, आणि ड्यूटी कधी संपेल याचा भरवसा नाही. रात्री साडेदहाला हायवेवर गाडी बंद पडणं तिला परवडणारं नाही. पैसे पीएफमधून काढलेले, म्हणजे पुन्हा पुन्हा मिळणारे नाहीत.

काका म्हणाले साडेनऊ लाख. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन दहा मिनिटांत सहा लाख दहा हजार सांगून गेला होता, त्यावरून काका दोन दिवस चिडलेले होते. बहीण म्हणत होती, "आठ देऊन टाकते ताई, काका एकटे आहेत, कुठे घासाघीस करायची." आणि दोघंही मला म्हणत होते, तू सांगशील ते मान्य.

आता आली का पंचाईत! :)

माझा पेशा कारखान्यांची वीज मोजायचा. कुठे किती युनिट गेले, किती कामी आले, किती वाया गेले, हे बघण्यात पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे मला गाडीतलं फार कळतं असं नाही, पण मीटर वाचता येतो. मी दोघांना एकच सांगितलं. मी आकडा कानात सांगणार नाही. एका कागदावर मांडून दोघांसमोर ठेवीन. ज्याला जी ओळ पटणार नाही त्याने ती खोडावी.

पहिली ओळ होती, गाडी मूळ कितीला घेतली. काका सगळीकडे "सोळा लाखांची गाडी" असं सांगत. फाईल काढली तर बिल १५.७ लाखांचं, आणि त्याखाली अडीच लाख वजा. महाराष्ट्र सरकारच्या २०२१ च्या धोरणात इलेक्ट्रिक कारला बॅटरीच्या दर युनिटमागे ५ हजार, जास्तीत जास्त दीड लाख, असं अनुदान होतं, आणि लवकर घेणाऱ्यांना वर एक लाख. शिवाय रोड टॅक्स माफ. म्हणजे काकांच्या खिशातून गेले १३.२ लाख. "काका, अडीच लाख सरकारचे होते, तुमचे नाहीत. त्याचा तोटा तुम्हाला झालेला नाही." काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हो, हे काकूला पाठ होतं. मी विसरलो."

पण खरं सांगायचं तर ही ओळ मी काकांच्या समाधानासाठीच लिहिली होती. जुन्या गाडीच्या किमतीशी तिच्या मूळ किमतीचा संबंध तसा कमीच. संबंध आहे तो आज नवी कितीला मिळते याच्याशी. आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं हेच वेगळेपण आहे. पेट्रोलची गाडी साधारणपणे दरवर्षी महाग होत जाते, त्यामुळे जुनीची किंमतही थोडी टिकते. इथे उलटं झालं. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली ती १३.९९ लाखांपासून. फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरीचे सेल स्वस्त झाले म्हणून कंपनीने तिची किंमत १.२ लाखांपर्यंत उतरवली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती १२.४९ लाखांपासून मिळू लागली. जगभरच्या बॅटरी पॅकची सरासरी किंमत ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीप्रमाणे २०२४ मध्ये युनिटमागे ११५ डॉलर होती. २०१० च्या सुमाराला हाच आकडा हजार डॉलरच्या वर होता. बॅटरी स्वस्त होतेय ही जगासाठी चांगली बातमी, पण ज्याच्या पार्किंगमध्ये जुनी गाडी उभी आहे त्याच्यासाठी नाही.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. इलेक्ट्रिकवर आधीच ५ टक्के होता, तो तसाच राहिला. म्हणजे दोन्हींमधलं अंतर कमी झालं. काका जाहिरातींमध्ये बघून आकडे सांगत होते ते बरेचसे या तारखेच्या आधीचे होते.

म्हणून माझ्या कागदावरची सुरुवात १२.५ लाखांपासून. काका म्हणाले, हे तर सगळ्यात साधं मॉडेल, माझं वरचं आहे. बरोबर आहे. पण २०२३ मध्ये बदललेल्या नेक्सॉनच्या साध्या मॉडेललाही सहा एअरबॅग आहेत, काकांच्या गाडीला दोन. फिटंफाट.

आता या साडेबारा लाखांचे मी दोन भाग केले, एक बॅटरीचा आणि एक बाकी गाडीचा. कारण दोन्ही वेगवेगळ्या वेगाने म्हाताऱ्या होतात.

बाकी गाडी ही कुठल्याही गाडीसारखीच. पत्रा, काच, सीट, एसी, सस्पेन्शन. विम्याच्या आयडीव्हीसाठी जो तक्ता वापरतात त्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा आहे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. काकांची गाडी महिन्याभरात चार वर्षांची होणार होती. मी ४५ धरला. यावर कुणी वाद घातला नाही.

बॅटरी ३०.२ युनिटची. (किलोवॅट-अवर म्हणजेच आपल्या लाइट बिलातलं एक युनिट. हे एकदा डोक्यात बसलं की इलेक्ट्रिक गाडी एकदम ओळखीची वाटायला लागते.) ११५ डॉलरच्या हिशोबाने झाले सुमारे तीन लाख रुपये. एकच बॅटरी बदलून घ्यायची म्हटलं तर यापेक्षा बराच जास्त खर्च येतो, पण नव्या गाडीच्या किमतीत ती साधारण एवढ्याची असते असं धरायला हरकत नाही. मग बाकी गाडी साडेनऊ लाखांची. त्यातून ४५ टक्के गेले, राहिले ५.२ लाख.

खरा प्रश्न बॅटरीचाच होता. काका सारखे डॅशबोर्डवरचा आकडा दाखवत होते. "बघ, फुल चार्जला अजून २३० दाखवते!" आता तो आकडा म्हणजे गाडीचा अंदाज असतो. तुम्ही गेले काही दिवस कशी चालवलीत यावरून ती पुढचं भाकीत करते. काका चाळीसच्या वर जात नाहीत, एसी लावत नाहीत, त्यामुळे गाडी बिचारी खूश. उद्या बहीण हायवेला एसी लावून चालवेल तेव्हा तीच गाडी वेगळं सांगेल. त्यावर किंमत ठरवण्यात अर्थ नाही.

म्हणून आम्ही मोजलं. एका रविवारी गाडी पूर्ण चार्ज करून आम्ही तिघं निघालो. जुन्या हायवेने लोणावळा, परत पुणे, आणि नंतर कात्रजपर्यंत एक फेरी. बहीण तिच्या नेहमीच्या वेगाने चालवत होती, एसी चालू. १५८ किलोमीटरला गाडी १०० वरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे पूर्ण चार्जला साधारण १९५-२०० किलोमीटर. कंपनीचा एआरएआयचा आकडा होता ३१२, पण तो प्रयोगशाळेतला, रस्त्यावर तो कुणालाच मिळत नाही.

मग रात्री काकांच्या पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या प्लगला लावली. काकांनी तिथे स्वतंत्र मीटर बसवून घेतलेलं आहे, ही फार सोय झाली. लावताना रीडिंग लिहिलं, सकाळी १०० टक्के झाल्यावर पुन्हा लिहिलं. गेले २५.५ युनिट. यातले १० ते १५ टक्के चार्जरमध्ये उष्णता होऊन जातात, मी १२ धरले. बॅटरीत पोचले सुमारे २२.४ युनिट. हे ८० टक्के, तर पूर्ण झाले २८. नवी असताना ३०.२. म्हणजे बॅटरी अजून ९३ टक्क्यांच्या आसपास आहे.

ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. दोन-तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. पण बॅटरी ९३ आहे की ७०, एवढं यातून नक्की कळतं, आणि घेणाऱ्याला तेवढंच कळायला हवं असतं. विकणारा एक रात्र गाडी चार्जिंगला लावून मीटर बघू द्यायला तयार नसेल, तर मी म्हणेन गाडी बघायलाही जाऊ नका.

एक तांत्रिक गोष्ट सांगून टाकते. या गाडीतली बॅटरी एलएफपी प्रकारची आहे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ही जास्त चार्ज-डिस्चार्ज सहन करते आणि १०० टक्के चार्ज केलेलं तिला इतर प्रकारांइतकं बाधत नाही. उलट अधूनमधून पूर्ण चार्ज करावीच लागते, नाहीतर गाडीलाच आपल्यात किती उरलंय ते नीट कळत नाही. म्हणूनच मोजायचं तर १०० पर्यंत नेऊन मोजा, ६० ते ८० असं मधलंच मोजू नका. आणि आधी दोन-तीनदा पूर्ण चार्ज झालेली असली तर उत्तम.

आता ही बॅटरी अजून किती वर्षं? वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी संपेल ते. बहीण वर्षाला सुमारे १८ हजार चालवेल, म्हणजे चार वर्षांत एकूण सव्वा लाखाच्या आत. वर्षंच आधी संपणार, डिसेंबर २०२९ ला. ही वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, सर्व्हिस वेळच्या वेळी झाल्यात का, हे चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून लेखी घेतलं. (हे प्रत्येकाने करावं. अलीकडे काही गाड्यांना 'आयुष्यभराची' बॅटरी वॉरंटी मिळते, पण ती पहिल्या मालकापुरतीच असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात आयुष्यभर, आणि बारीक अक्षरात कुणाचं आयुष्य ते.)

बहीण म्हणाली बॅटरी आठ वर्षांत संपणार असं धर. काका म्हणाले पंधरा वर्षं जाईल. इथे वाद होणार असं वाटलं होतं. मी तिन्ही हिशोब मांडले. आठ वर्षं धरली तर बॅटरीची उरलेली किंमत दीड लाख. बारा धरली तर दोन. पंधरा धरली तर २.२. म्हणजे सगळ्यात घाबरट आणि सगळ्यात आशावादी अंदाजांत फरक फक्त ७० हजारांचा! साडेनऊ आणि सहा दहा यांच्यात जे ३.४ लाख होते, त्यातले बॅटरीचे एवढेच. बाकीचा फरक आठवणींचा, जुन्या जाहिरातींचा आणि त्या कंपनीच्या नफ्याचा होता. (त्या कंपनीलाही काही सगळं खिशात टाकता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने ठरवल्यापासून जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या व्यापाऱ्याला आपल्या नफ्यावर १८ टक्के भरावे लागतात. दोन घरगुती माणसांच्या व्यवहाराला हा कर लागत नाही. त्यामुळे ओळखीत व्यवहार झाला तर दोघांचाही फायदा, हे खरंच आहे.)

मी बारा वर्षं धरली. ५.२ आणि २ मिळून ७.२. त्यातून चार टायर, १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि पुढच्या सस्पेन्शनचा खडखडाट यांचे ४० हजार वजा. राहिले ६.८ लाख.

काकांनी शेवटचा मुद्दा काढला आणि तो बिनतोड वाटण्यासारखा होता. "अगं, पण हिचं पेट्रोल किती वाचेल!" हिशोब केला. युनिटमागे सहा किलोमीटर, १२ रुपयांच्या युनिटने किलोमीटरला दोन रुपये. पेट्रोलच्या गाडीला सात. वर्षाला ९० हजार वाचणार. "मग त्यातले थोडे मला नकोत का?" मी म्हटलं, काका, हे पैसे तिने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली तरी वाचणारच आहेत. ते तिच्या रोजच्या ६५ किलोमीटरमुळे वाचतात, तुमच्या गाडीमुळे नाही. हीच गाडी दर आठवड्याला कोल्हापूरला जाणाऱ्याने घेतली तर तो वाटेत चार्जिंगला थांबून थांबून वैतागेल, म्हणून तुम्ही काय त्याला स्वस्त देणार? गाडी कुणाला किती उपयोगी पडते हा घेणाऱ्याचा हिशोब. बहिणीला ती छान उपयोगी पडेल. बॅटरी उद्या ७० टक्क्यांवर आली तरी १४५-१५० किलोमीटर जाईल, तिच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. म्हणून तिने *घ्यावी*. पण म्हणून जास्त *द्यावे* असं नाही.

आणि बहिणीलाही ऐकवलंच. काका एकटे आहेत म्हणून १.२ लाख जास्त द्यायचे, हे ऐकायला छान वाटतं. पण ते किमतीत मिसळलं की त्याला ना किंमत म्हणता येत, ना मदत. उद्या गाडीने त्रास दिला तर तुझ्या मनात येईल, एवढे दिले आणि हे निघालं. काकांसाठी काही करायचं असेल तर दर महिन्याला त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. त्याच गाडीतून.

व्यवहार ६.९० ला झाला. वरचे दहा हजार पार्किंगमधला प्लग, वायरिंग आणि मीटर काढून तळेगावला बसवून देण्याचे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, दंडाची चलनं निघतात का ते तपासलं, विमा चौदा दिवसांच्या आत बहिणीच्या नावावर करायला टाकला. नो क्लेम बोनस काकांचा काकांकडे राहिला, तो गाडीबरोबर जात नाही.

या सगळ्यात मला एक गोष्ट लख्ख कळली. वाजवी किंमत म्हणजे बाजारात ठेवलेला एकच खरा आकडा नव्हे. माझ्या कागदावर ४५ टक्क्यांच्या जागी ५० घाला, बारा वर्षांच्या जागी दहा घाला, आकडा बदलेल. ६.३ पासून ७ पर्यंत कुठलाही आकडा चालला असता. वाजवी किंमत म्हणजे जिचा हिशोब समोरच्याला दाखवता येतो ती. घेताना "त्यांना हे कळलं नाही तर बरं" असं आपल्या मनात येत असेल तर आकडा कितीही गोड असो, तो वाजवी नाही. विकतानाही तेच.

काकांनी त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. मूळ कागद बहिणीच्या आरसीच्या पाकिटात आहे, मागच्या बाजूला त्या रात्रीची मीटरची दोन्ही रीडिंग लिहिलेली. दर दिवाळीला एकदा असंच मोजून खाली लिहायचं, असं तिला बजावून ठेवलंय. कधीतरी तीही ही गाडी विकेल, आणि तेव्हा घेणाऱ्याने तिला विचारलं की बॅटरी कशी आहे, तर तिच्याकडे उत्तर असेल.

तुमच्यापैकी कुणी जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली किंवा विकली असेल तर तुमचा हिशोब मला जरूर कळवा. विशेषतः जिथे माझं पटलं नाही ते!